रिकाम्या सीडीवरचे सासरेबुवा

विजेचं काम मला कोणी शिकवायचं नाही. रेल्वेच्या विजेच्या खात्यात माझी सगळी नोकरी गेली, अजून जाऊन राहिली आहे. आमच्या रायपूरच्या कॉलनीत कोणाचा कूलर बंद पडो की कोणाच्या मिक्सरमधून धूर निघो, पहिली हाक शामरावलाच येते. दुसरी हाक मग दुरुस्तीच्या दुकानाला जाते, ती गोष्ट वेगळी. तेव्हा गाडीच्या रेडिओला मोबाईल जोडायचं काम मी स्वतः करतो असं जे मी म्हणालो, त्यात फुशारकी अजिबात नव्हती.

आधी हे जोडायची गरज काय पडली ते सांगतो. माझे सासरे भीमगीतांच्या एका गायन पार्टीत होते. माझी बायको सत्यभामा फ्रॉकमध्ये होती आणि तिचा भाऊ यशदीप पाळण्यात, तेव्हाच ते गेले. मागे एक फोटो राहिला, आवाज कुठेच नाही. आता इतक्या वर्षांनी नागपूरच्या यशदीपला कोणाच्या तरी घरी त्या पार्टीची कॅसेट सापडली. त्यानं ती मोबाईलवर उतरवून घेतली आणि पाठवली. सत्यभामेनं ओट्याशी उभं राहून ते गाणं ऐकलं. खणखणीत आवाज, काय तान, काय फेक! तिकडे भाजी करपली, इकडे ही रडून राहिली. "काय गळा होता हो माझ्या बाबाचा!" त्या दिवसापासून कॉलनीत ज्याला ज्याला कान होते त्या सगळ्यांना तिनं ते ऐकवलं.

राहिल्या फक्त सासूबाई. त्या आमच्याकडेच असतात आणि कानानं पार गेलेल्या आहेत, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही पोचतं. मोबाईल कानाला लावला तर म्हणाल्या, "डास गुणगुणून राहिला." इअरफोन घातले तर ओढून काढले, "कानात बोंडं कोंबून कोणी मानसाले ऐकते का?" टीव्हीला जोडून पाहिलं, पण टीव्हीचाही आवाज त्यांना येत नाही, मालिका त्या चेहऱ्यांवरून समजून घेतात आणि त्यांना समजलेली गोष्ट बहुतेक वेळा मूळ गोष्टीपेक्षा चांगली असते.

मग एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरकडून त्यांना गाडीतून घरी आणत होतो. काचा बंद, एसी चालू, रेडिओ लावलेला. पुढच्या सीटवर बसलेल्या सासूबाई एकदम म्हणाल्या, "पंडरीत लुगड्याचा सेल लागला म्हणते."

मी करकचून ब्रेक मारला. रेडिओवर खरोखरच पंडरीच्या कापडबाजारातल्या एका दुकानाची जाहिरात चालू होती! बंद गाडी, गुडघ्याशी मोठा स्पीकर. त्यांना शब्दन् शब्द ऐकू येत होता. मागे सत्यभामा बसलेली, तिचा चेहरा मी आरशात पाहिला आणि सासूबाईंच्या कानाशी ओरडून मोकळा झालो, "आई, दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाऊन राहिलो ना आपण, तवा याच गाडीत तुमाले त्यायचा आवाज ऐकवतो. माझा शब्द."

त्यांनी गुडघ्याजवळच्या स्पीकरवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ऐकवा बापा, जवाईबापू. मरायच्या आंधी एकडाव."

आता असं ऐकल्यावर कोणता जावई मागे फिरेल?

अडचण एकच होती. आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्यात कंपनीतून बसवून आलेला रेडिओ. त्यात रेडिओ लागतो, सीडी लागते, पण मोबाईलची तार खुपसायला भोक नाही आणि ब्लूटूथशी तर त्याची ओळखच नाही. आमची मुलगी दीक्षा कॉलेजात जाते, मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "पापा, नया स्टीरियो लगवा लो ना. आजकल सब में आता है."

"कंपनीची वस्तू चांगली चालू असताना काढून फेकाची? काहून?"

"तो एक ब्लूटूथ स्पीकर लेके नानी की गोदी में रख दो."

हे मी ऐकलंच नाही असं दाखवलं. शब्द मी गाडीच्या रेडिओचा दिला होता. मांडीवर डबा ठेवून सासूबाईंना गाणं ऐकवायचं तर मग माझी नोकरी विजेच्या खात्यात असण्याचा उपयोग काय?

आमच्या खाली अच्युत राहतो. नव्या रायपूरच्या कुठल्याशा ऑफिसात आहे, पुण्याकडचा, बोलतो पुस्तकासारखं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याजवळ व्हिडिओ असतो. तो म्हणाला, "शामराव, अगदी सोपं आहे. सीडीचा आवाज ज्या तारांमधून स्पीकरकडे जातो, त्याच तारांना आपली तार जोडायची. रेडिओचा समज असा होतो की सीडी वाजते आहे. प्रत्यक्षात वाजतो आपला मोबाईल."

युक्ती मला पटली. सरकारी कामातही पुष्कळदा असंच असतं.

रविवारी सकाळी काम सुरू केलं. आमच्या खात्यात एक नियम आहे आणि तो न पाळणारे आता भिंतीवरच्या फोटोत आहेत: सप्लाय तोडल्याशिवाय हात लावायचा नाही. मी रीतसर शटडाऊन घेतला. म्हणजे बोनट उघडून बॅटरीची तार काढली, सुतळीनं बाजूला बांधली आणि स्टिअरिंगला एक पुठ्ठा टांगला, 'माणसे काम करीत आहेत'. समोरचे साहू भैया दातात काडी घालून आले, पुठ्ठा वाचला, गाडीत डोकावले आणि आत मी एकटाच आहे हे पाहून छत्तीसगढीत म्हणाले.

"हव, फेर आदमी त एके झन दिखत हे, शामराव भैया."

"बोर्ड असाच राहते भैया. डिपार्टमेंट का नियम है."

ते घरात जाऊन खुर्ची घेऊन आले आणि सावली पाहून बसले. त्यांच्या मागोमाग अर्धी कॉलनी आली.

अच्युत मोबाईलवर व्हिडिओ धरून बाजूला उभा. व्हिडिओतला गोरा फार बोलत होता आणि त्याच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. त्यामुळे तो जे जे उजवीकडून उघडा म्हणे ते ते आम्ही डावीकडून उघडत होतो. काही खटके निघाले, काही तुटले. तुटलेल्या प्रत्येक खटक्यावर साहू भैया "गे...", म्हणजे गेला, असं म्हणत. रेडिओ बाहेर आला, मी त्याचं झाकण उघडलं, चष्मा पुसला आणि कथलाचा डाग देऊन मोबाईलची तार आत जोडली. एक धागा उजव्या बाजूच्या स्पीकरचा, एक डाव्या बाजूच्या. तारेचं दुसरं टोक सीटच्या बाजूनं बाहेर काढलं. पंचाहत्तर टक्के स्क्रू परत बसले, बाकीचे मी शर्टाच्या खिशात टाकले. कंपन्या नेहमीच जास्तीचे स्क्रू लावतात.

मग सगळ्यांसमोर पुठ्ठा उतरवला, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली.

रेडिओ लागला नाही. पडद्यावर चार रेघा आल्या आणि वर लिहून आलं, 'कोड'.

अच्युतनं घसा साफ केला. "शामराव, ही चोरीविरुद्धची व्यवस्था आहे. बॅटरी काढली की रेडिओला वाटतं आपल्याला चोरून नेलं. कोड दिल्याशिवाय तो चालू होणार नाही. बॅटरी काढायला नको होती."

"आता सांगून राहिला? आंधी काहून नाही सांगितलं?"

"व्हिडिओत त्यानं काढली नव्हती. मला वाटलं तुमच्या खात्याची काही विशेष पद्धत असेल."

म्हणजे बघा, ज्या नियमानं आजवर माझा जीव सांभाळला, त्याच नियमामुळे माझ्या स्वतःच्या गाडीनं मला भर कॉलनीत चोर ठरवलं. पण मी डगमगलो नाही. चार आकडी कोड, विचार करणाऱ्या माणसाला काय कठीण? दीक्षाचं जन्मसाल टाकलं. नाही. बाबासाहेबांचं जन्मसाल टाकलं, १८९१. नाही. दीक्षा सोहळ्याचं, १९५६. त्यावर रेडिओ पूर्ण लॉक झाला. गाड्या बनवणाऱ्यांना इतिहासाची काही जाण नसते.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरची पोट्टी फार नम्र होती आणि माझा अनुभव आहे की काउंटरवर जितकी नम्रता जास्त तितकं काम लांब.

"सर, कोड सिस्टम में है. बस गाड़ी के पहले मालिक के नंबर पर ओटीपी जाएगा."

"पहिला मालक कायले? गाडी मेरे नाम पे है. ये देखो कागज."

"हाँ सर, पर सिस्टम में आपका नंबर अपडेट नहीं है."

"तो अपडेट करो."

"कर दूँगी सर. उसके लिए ओटीपी लगेगा."

"किसके नंबर पे?"

"पहले मालिक के, सर."

पहिले मालक म्हणजे भिलाईचे भार्गव साहेब, निवृत्त अधिकारी, वय झालेलं. तिथूनच फोन लावला. नाव सांगितलं, गाडी सांगितली, म्हटलं आता तुमच्या मोबाईलवर एक नंबर येईल तो मला सांगा.

"ओटीपी?" पलीकडून आवाज चढला. "बेटा, बैंक वाले रोज़ समझाते हैं. ओटीपी मैं अपनी बीवी को भी नहीं बताता." फोन बंद. पुन्हा लावला. "मैं आवाज़ पहचान गया. तुम वही ठग हो जो अभी बोल रहा था."

आता बोला! रविवारी चोर झालो होतो, सोमवारी ठग झालो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी भिलाईला गेलो. दार उघडून साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट गाडीकडे गेले, बंपरचा पोचा हातानं चाचपला आणि म्हणाले, "ये तो मैंने ही मारा था, गेट में." मग त्यांना माझ्यावर विश्वास बसला, पण फोनवर नाही. ते स्वतः कपडे बदलून माझ्याबरोबर रायपूरला आले. वाटेत दोनदा विचारलं, "रेडियो क्यों नहीं लगाते? इसका रेडियो तो बहुत अच्छा था." सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी माझ्याकडे पाठ केली, मोबाईल छातीशी धरला आणि काउंटरवाल्या पोट्टीच्या कानात ओटीपी सांगितला. रेडिओ जिवंत झाला. परत भिलाईपर्यंत त्यांना सोडलं. सगळा रस्ता बातम्या मोठ्यानं लावून ते मला गाडी कशी चालवायची ते सांगत होते.

घरी येऊन मोबाईल जोडला. आवाज नाही. अच्युतला बोलावलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "रेडिओला सीडी वाजते आहे असं वाटलं पाहिजे ना? मग आत सीडी फिरत पाहिजे. फक्त तिच्यावर काही नको, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतील. व्हिडिओच्या शेवटी सांगितलं आहे."

"शेवटी? मग तू सुरुवातीपासून काय पाहून राहिला होता?"

कोरी सीडी चालत नाही, रेडिओ तिला बाहेर थुंकतो. सीडीवर काहीच नाही असं भरलेलं पाहिजे. शहरातल्या जुन्या बूढ़ापाऱ्याच्या गल्लीत लग्नाच्या व्हिडिओवाल्याचं एक जुनं दुकान आहे, तिथे गेलो. मालक स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"सीडी? आखिरी पड़ी है एक. क्या भरना है?"

"कुछ नहीं."

"तो ये खाली ही है, ले जाओ."

"नहीं नहीं. कुछ नहीं भरना है. मतलब चुप्पी भरनी है."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "श्रद्धांजलि का कार्यक्रम है क्या? दो मिनट का मौन?"

"लंबा चाहिए."

"कितना लंबा?"

"नागपुर तक."

त्यांनी वर्तमानपत्र स्टुलावर ठेवलं. मग आत गेले आणि भरून घेऊन आले. वर मार्करनं 'मौन' असं लिहून दिलं. मी काउंटरवर वाजवून पाहा म्हणालो, त्यांनी वाजवली, आम्ही दोघांनी कान देऊन ऐकली. उत्तम भरली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडीत 'मौन' लावलं, मोबाईल जोडला आणि सासरेबुवांचं गाणं कॉलनीभर घुमलं. साहू भैयांनी टाळ्या वाजवल्या. मी वर स्वयंपाकघरात गेलो. सत्यभामा प्रवासासाठी पुऱ्या तळत होती. तिला सगळी रचना समजावून सांगितली: आत सीडी फिरते, तिच्यावर काही नाही, रेडिओ फसतो आणि आपलं गाणं वाजतं.

तिनं झारा तसाच हातात धरला. "म्हणजे सीडी चालतेच गाडीत?"

"चालते म्हणजे? फर्स्ट क्लास."

"मग त्या सीडीवर बाबाचंच गाणं काहून नाही भरून आणलं?"

कढईत पुरी फुगली. दीक्षा दारात उभी होती, ती ओढणी तोंडात कोंबून बाहेर पळाली. मी म्हणालो की हा तत्त्वाचा प्रश्न आहे आणि चहा मागितला. त्यानंतर मी सहजच, पाय मोकळे करायला म्हणून, बूढ़ापाऱ्यापर्यंत जाऊन आलो. दुकान दसऱ्यासाठी बंद झालं होतं.

सकाळी निघालो. सासूबाई पांढरं लुगडं नेसून पुढे माझ्या शेजारी, मागे सत्यभामा आणि दीक्षा. राजनांदगावची गर्दी मागे पडली तशा मी काचा चढवल्या. दीक्षानं मागून मोबाईलवर गाणं लावलं. खणखणीत आवाज गाडीभर पसरला. सत्यभामेनं पदर डोळ्याला लावला. मी रस्ता सोडून सासूबाईंकडेच पाहत होतो.

त्या समोर बघत बसल्या होत्या. गाणं संपलं. "चांगलं गाते," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

बस. एवढंच. मला फार लागलं, खोटं कशाला बोलू. चोर झालो, ठग झालो, मौन विकत आणलं, ते कशासाठी? सत्यभामा पुढे वाकून ओरडली, "आई, बाबा आहे ना ते!" सासूबाई "हं" म्हणाल्या. दीक्षानं गाणं पुन्हा लावलं. पुन्हा तसंच.

देवरीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. तिथे गाडी एका खड्ड्यात अशी आदळली की रेडिओच्या आत काहीतरी खट्ट झालं आणि गाणाऱ्याचा आवाज विहिरीत गेल्यासारखा दूर गेला. मला लगेच समजलं. उजव्या धाग्याचा डाग सुटला होता, उजवे स्पीकर मेले होते. कॅसेट भरताना दोन बाजूंना दोन माईक ठेवले असणार: उजवीकडे पुढे गाणारा, डावीकडे मागचे साथीदार. आता नुसता ढोलक, टाळ आणि मागून ओळ उचलून धरणारी माणसं ऐकू येत होती. माझ्या हातचा डाग, तोही दसऱ्याच्या रस्त्यावर! मी बंद करायला हात पुढे केला.

सासूबाईंनी माझा हात धरला.

"नोका बंद करू. थांबा."

त्या गुडघ्याजवळच्या स्पीकरवर वाकल्या. मागचे गडी ओळ म्हणत होते, सगळे एकदम, आणि सगळ्यांचं म्हणून झालं की एक जाडा आवाज शेवटचा शब्द घेऊन मागून एकटाच येत होता. पुढची ओळ, पुन्हा तसंच. सासूबाईंच्या तोंडात दात नाहीत. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मला सगळं बोळकं दिसलं.

"हा पाहा. सगळ्यायचं झालं का मंग येते तो. हा!"

"कोण, आई?" सत्यभामेनं त्यांच्या कानाशी विचारलं.

"कोण म्हंजे? तुहा बाप."

मी गाडी बाजूला घेतली.

"मग तो पुढं गाणारा?" सत्यभामेनं तसंच वाकून विचारलं.

"तो काटोलकडचा मास्तर होता. लय गोड गळा त्याचा. तुहा बाप मांगं टाळ घेऊन बसे. त्यायले कोणी माईकजवळ येऊ देत नव्हतं, नेहमी उशिरा येत म्हणून."

"तू आंधी काहून नाही सांगितलं? मी साऱ्या कॉलनीले ऐकवलं ना!"

"मले कुठं ऐकू आलं होतं बाई? आज आलं. अन तू इतकी रडून राहिली होती खुशीनं. म्हटलं राहू दे, कायले बोलाचं."

मागून दीक्षानं आजीच्या कानाशी विचारलं, आणि चक्क मराठीत विचारलं, "आजी, आजोबा बेसूर होते?"

"हाव," सासूबाई म्हणाल्या. "लय."

मी आरशात पाहिलं. सत्यभामेचा चेहरा रडू की हसू असा झाला होता. मग ती हसली, आणि हसता हसता रडली, आणि दीक्षाच्या खांद्यावर डोकं टाकून दोन्ही करत राहिली. मला वाटलं आपली जबाबदारी आहे. सासूबाईंच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, पाच मिनिट थांबता का? धागा जोडून देतो. मास्तरही ऐकू येतील."

"राहू द्या, जवाईबापू. मास्तरले सारं गाव ऐके. यायले ऐकाले मी एकटीच जात होती."

मी गाडी सुरू केली. नागपूरपर्यंत दीक्षा तेच गाणं परत परत लावत होती, आणि प्रत्येक ओळीला बाकीच्यांचं म्हणून झालं की गाडीतले आम्ही चौघं गप्प राहून सासरेबुवांची वाट पाहत होतो.